पुंजारामचा रांजण आणि चढावरचा नळ

मित्रांनो, हसायचं असंल तर आधीच हसून घ्या. मी एक जुना रांजण आहे, आणि सत्तावन्न साली मी आमदारकीला उभा होतो.

खोटं नाय सांगत. माझ्याबरोबर एक माणूसही उभा होता, त्याचं नाव पुंजाराम. पण मतपेटीवर त्याचं चित्र नव्हतं, माझं होतं. मंग खरं उभं कोण होतं, ते तुम्हीच ठरवा.

आधी जन्माचं सांगतो. सिल्लोडच्या वाटंवर सांडू नावाचा एक कुंभार होता, त्यानं मला घडवलं. माती किती लागली म्हणता? ज्या ओढ्यातून माती काढली, तो ओढा तवापासून दोन हात खोल झाला. खरं वाटत नसंल तर जाऊन बघा. फक्त ओढा कोणता, ते मला आता आठवत नाय. भट्टीतून निघालो तवा मी असा खणखणत होतो की टिचकी मारली तर शेजारच्या गावातली कुत्री भुंकायची. सांडू सगळ्यांना सांगायचा, "ह्याचं तोंड मोठं हाय, हे पोरगं नाव काढणार." तोंड मोठं होतं, पण बोलता येत नव्हतं. म्हणून मी ऐकायला शिकलो. जगात काय चाललंय, कोण कुणाला काय म्हणतंय, हे ऐकायची मला लई हौस. रिकाम्या रांजणात आवाज कसा घुमतो, तुम्हाला ठाऊकच आहे.

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असंल. सांडूनं मला बैलगाडीत गवतावर आडवं निजवलं आणि औरंगाबादेत आणलं. आता त्या शहराला छत्रपती संभाजीनगर म्हणतात. शहागंजच्या बाजारात पुंजारामचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढायचा, सायकली भाड्यानं द्यायचा. त्यानं मला बघितलं, तीनदा टिचकी मारली आणि घेऊन टाकलं. त्याची बायको सरूबाई दारातच उभी होती.

"रांजण? सायकलच्या दुकानात?" ती म्हणली. "पंक्चर बघायला घमेलं पुरत नव्हतं का?"

"लोकं पाणी पितील, सरू."

"लोकं पाणी पितील न् तुम्ही हवा खा."

अशी माझी पाणपोई सुरू झाली. रोज सकाळी गयास भिश्ती यायचा. पाठीवर कातड्याची मशक, कमरेत वाकलेला, आणि मशकाचं तोंड माझ्या तोंडात देऊन म्हणायचा, "पी ले बेटा, तू पिया तो बाजार पिया." शेतकरी, हमाल, टांगेवाले, कचेरीत चकरा मारणारे, सगळे माझ्याकडचं पाणी प्यायचे. एखादा गिलास हातात घेऊन विचारायचा, "भरलं कोणी?" पुंजाराम चाकाची आरी सरळ करत मान वर न करता म्हणायचा, "गयासभाईनं. तहान असंल तर प्या, नसंल तर पुढं व्हा." बहुतेकांना तहान असायची.

एकदा जालन्याकडं चाललेली एक अख्खी वरात आली. दीडशे माणूस, सात बैल आणि नवरदेवाचं घोडं. सगळे प्याले, आणि मी फक्त गळ्यापासून खांद्यापर्यंत उतरलो. बैलांचं जरा जास्त झालं असंल. घोडं मात्र खरं.

आता पुंजाराम मोठा कसा झाला, ते ऐका. त्या दिवसांत कचेरीचा कारभार बदलत होता. निम्मे कागद उर्दूत, निम्मे मराठीत, आणि लोकांना ना हे कळायचं ना ते. पुंजाराम उर्दू शाळेत शिकलेला, घरी मराठी वाचणारा. माणूस पाणी प्यायला थांबायचा आणि खिशातून घडी घातलेला कागद काढायचा. पुंजाराम ग्रीसचे हात पुसून कागद वाचून द्यायचा, अर्ज लिहून द्यायचा. पाणी माझं, अर्ज त्याचा. तीन-चार वर्षांत शहरात असं घर उरलं नाय, जिथं त्याच्या हाताचा ग्रीसचा डाग लागलेला कागद नव्हता. मंग नगरपालिकेच्या निवडणुकीत लोकांनी त्याला निवडून दिलं, आणि मोठ्या पक्षाच्या आप्पासाहेबांनी त्याला नगराध्यक्ष केलं. नगरपालिकेला तवा जुने लोक बलदिया म्हणायचे. सायकलवाला पुंजाराम बलदियाचा अध्यक्ष! सरूबाईनं त्या दिवशी मला बाहेरून चुन्याची पट्टी ओढली. आयुष्यात पहिल्यांदा मी नटलो.

आप्पासाहेब छत्रीवाल्या पक्षाचे पुढारी. छत्री ही त्यांच्या पक्षाची निशाणी. त्यांना वाटलं होतं, सायकलवाला आहे, जिकडं हँडल फिरवू तिकडं वळंल. मलाही तेच वाटलं होतं. दोघंही चुकलो.

शहरात एक चढाची गल्ली होती. चढ असा की वर कुणी दिवा लावला तर खालच्या लोकांना चांदणी उगवली वाटायची. पाणी त्या चढावर चढतच नव्हतं. तिथल्या बाया दिवसातून तीनदा खाली नहरीच्या हौदावर यायच्या आणि डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन वर जायच्या. गयास भिश्तीचं घर त्याच गल्लीत. सगळ्या बाजाराला पाणी पाजणारा माणूस, पण त्याची सून जाहेदा स्वतःचं पाणी स्वतःच वाहायची, कारण सासऱ्याची मशक घरी येईपर्यंत रिकामी झालेली असायची.

एका सकाळी जाहेदा भरल्या हंड्यांसकट चढावरून घसरली. तिला दुकानात आणलं. उजवं मनगट मोडलं होतं. पुंजारामनं सायकलच्या चार आऱ्या तोडल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि तिच्या हाताला बांधल्या. हाडवैद्य येईपर्यंत ती माझ्या पोटाला टेकून बसली होती, आणि तिचा थरकाप मला माझ्या मातीत कळत होता. पुंजारामनं तिला पाणी दिलं आणि म्हणला, "बेटा, चढावर नळ आणतो. नाय आणला तर अध्यक्ष म्हणू नका मला."

मला कुतूहल होतं. मित्रांनो, मी नळ बघितलाच नव्हता. हे काय असतं जे भिश्तीशिवाय, हंड्याशिवाय, नुसतं भिंतीतून पाणी देतं?

पुंजाराम वर्षभर मागं लागला. ठराव झाला, मंजुरी आली, आणि लोखंडी पाइप बैलगाड्यांनी येऊन पडले. तेवढ्यात आप्पासाहेब एका दुपारी दुकानात आले, स्टुलावर बसले आणि माझ्यातलं पाणी पिऊन बोलले, "पुंजाराम, ते पाइप आधी बंगल्यांकडं जाऊ दे." आज जिथं क्रांती चौक आहे त्या बाजूला तवा नवे बंगले उठत होते. त्यातला एक आप्पासाहेबांचा.

"बंगल्यांत विहिरी हायेत, आप्पासाहेब."

"विहिरीला काय, नळाची शोभा वेगळी. चढाच्या गल्लीचं पुढच्या साली बघू."

दुसऱ्या दिवशी लोक बघतात तर पाइपांच्या ढिगाला सायकलीच्या साखळ्या गुंडाळलेल्या आणि कुलपं लावलेली! दुकानातली यच्चयावत कुलपं त्यानं तिथं लावली होती. लोक म्हणायचे तीनशे कुलपं होती. मी म्हणतो चारशे.

आठ दिवसांत अविश्वासाचा ठराव आला. आप्पासाहेबांच्या सगळ्या मेंबरांनी हात वर केले. पुंजारामची खुर्ची गेली, कुलपं तोडली, पाइप बंगल्यांकडं गेले. संध्याकाळी तो दुकानात येऊन नेहमीच्या जागी बसला आणि एका पोत्यावर रबराची चकती घासत राहिला. चढाच्या गल्लीतल्या बाया वर जाताना माझ्यापाशी थांबल्या. त्यांच्यात मनकर्णाबाई होती. वय साठ, आवाज सोळा माणसांचा.

"काय रं पुंजाराम, रुसून बसलास व्हय?"

"रुसलो नाय, मावशी. खुर्ची गेली."

"खुर्ची गेली तर उभा ऱ्हा," मनकर्णाबाई म्हणली.

आणि तो खरंच उभा राहिला. आमदारकीची निवडणूक जवळ आली होती. छत्रीवाल्यांकडून स्वतः आप्पासाहेब. दुसरा पक्ष शिडीवाल्यांचा, त्यांनी एक वकील दिला होता. आणि एक तिसरा पक्ष होता, त्याचं नाव इतकं लांब की म्हणता म्हणता टांगा पुढं निघून जायचा. सगळे त्याला तिसरा पक्षच म्हणायचे. त्याचे सगळे पुढारी मिळून एका टांग्यात मावायचे. त्यांनी पुंजारामला तिकीट दिलं, आणि निशाण्यांची यादी पुढं आली तवा पुंजाराम म्हणला, "यात रांजण हाय? मंग विचारायचंच काय!"

तर मित्रांनो, असा मी राजकारणात आलो.

माझ्यातलं पाणी काढलं, मला वाळवलं आणि गयासच्या हातगाड्यावर चढवलं. गळ्यात झेंडूचा हार. पुढं पुंजाराम सायकलवर, मागं गयास गाडा ढकलतोय, आणि मी मधे मिरवतोय. गल्लोगल्ली. पुंजारामचं भाषण रोज एकच, "चिठ्ठी हातात आली की इकडं-तिकडं बघायचं नाय. थेट रांजणात टाकायची! रांजण भरला की चढावर नळ!"

एकदा गाडा चढवताना गयास थांबला, घाम पुसला आणि हसत म्हणला, "पुंजारामभाई, नल आया तो मेरी मशक कू कौन पूछेगा? मेरीच रोटी के खिलाफ मैंच गाड़ा ढकेल रौं."

"मंग सोडून दे, गयासभाई."

"नक्को. बहू का हाथ देखतौं तो गाड़ा हल्का लगता."

आता तवाची मतदानाची रीत नीट ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाय. शिक्का नव्हता, बटन नव्हतं. मतदाराला एक चिठ्ठी मिळायची, तिच्यावर नुसता नंबर. पडद्याआड जितके उमेदवार तितक्या लोखंडी पेट्या, आणि हरेक पेटीवर ज्याच्या-त्याच्या निशाणीचा कागद चिकटवलेला. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. झालं.

पण चढाच्या गल्लीतल्या बायांनी हे आधी कधीच केलं नव्हतं. बावन्नच्या निवडणुकीला यादी करणारा कारकून आला, तवा नाव विचारल्यावर कोणी सांगितलं, "फकिराची माय लिव्हा," कोणी सांगितलं, "त्यांच्या घरातलं माणूस लिव्हा." परक्या माणसाला नाव कसं सांगायचं? मंग यादीत कुणाचंच नाव लागलं नाय. सत्तावन्नला मनकर्णाबाई स्वतः कारकुनाच्या शेजारी बसली आणि एकेकीचं नाव ओरडून लिहून घेतलं. काही नवऱ्यांना आपल्या बायकोचं खरं नाव त्या दिवशी कळलं, असं मी ऐकलं.

आणि मनकर्णाबाईनं बायांची तालीम घेतली. आठ दिवस. रोज दुपारी गयासचा गाडा चढाच्या गल्लीत उभा राहायचा. बायांची रांग लागायची. मनकर्णाबाई हरेकीच्या हातात जुन्या वहीचा तुकडा द्यायची, एकेक बाई पदराआडून यायची, इकडं-तिकडं न बघता तुकडा माझ्या पोटात टाकायची आणि पुढं जायची. कोणी हसली की मनकर्णाबाई ओरडायची, "हसू नगंस, मत सांडंल!" पुंजारामनं एकदा येऊन बघितलं आणि खूश झाला. म्हणला, "मावशी, पलटन तयार केली तुम्ही." त्यालाही काही खटकलं नाय, मलाही नाय.

मतदानाच्या दिवशी एका शाळेत केंद्र होतं. शाळेपासून लांब, चुन्याच्या रेघेबाहेर, लिंबाच्या झाडाखाली माझा गाडा उभा. शेजारी गयास. पुंजाराम सायकलवर दुसऱ्या केंद्रांकडं गेलेला. दहाच्या सुमाराला चढाच्या गल्लीतल्या बाया आल्या, नवी लुगडी नेसून, काही बुरख्यात. आत गेल्या. बाहेर आल्या. आणि माझ्यापाशी येऊन, पदराखालून हात काढून, एकेकीनं माझ्या पोटात काहीतरी टाकलं.

पहिल्यांदा वाटलं, लिंबाचं पान पडलं. मंग दुसरं, तिसरं. हलकं, करकरीत, वहीच्या तुकड्यापेक्षा गुळगुळीत. मला लई कुतूहल, हे काय? पोटात पडलेलं बघता येत नाय, हे रांजणाचं दुःख. गयासनं बघितलं, पण त्याला वाटलं, बाया नवस बोलतायत. तो लांब सरकून अदबीनं उभा राहिला.

चार दिवसांनी मोजणी झाली. मी तवा परत दुकानाच्या दारात होतो. दुपारी पुंजाराम सायकल हातात धरून चालत आला. सायकल असून चालत आला, तवाच मला कळलं.

"एक्केचाळीसनं पडलो," तो म्हणला.

शिडीवाला वकील लई मागं राहिला होता. आप्पासाहेबांच्या खालोखाल पुंजाराम, आणि मधे फक्त एक्केचाळीस मतं. सरूबाई उठली. "निवडणूक गेली, तहान थोडीच गेली? रांजण धुते. उद्यापासून पाणी भरू." आणि तिनं माझ्या तोंडात खांद्यापर्यंत हात घातला.

"अहो," ती म्हणली, "इकडं या. ह्यात कागद हायेत."

पुंजारामनं एकेक चिठ्ठी काढून सायकलच्या सीटवर ठेवली. त्रेसष्ट. नंबर टाकलेल्या, सरकारी, खऱ्या. त्याचा हात थांबला. मंग त्यानं गयासला पळवलं आणि मनकर्णाबाईला बोलावून घेतलं. तिच्यामागं कडेवर तान्हं घेऊन जाहेदा आली.

"मावशी, ह्या चिठ्ठ्या इथं कशा?"

"कशा म्हंजे? आम्ही टाकल्या."

"अहो पण आत पेटी होती ना! पेटीवर रांजण काढला होता!"

"कागदावर रांजण काढला म्हंजे रांजण झाला व्हय?" मनकर्णाबाई उसळली. "उद्या डब्यावर म्हैस काढशील, मी काय धार काढायला बसू? आत गेले तर तीन लोखंडी डबे. मी म्हणलं, बघा, आप्पासाहेबानं आपला रांजण आत येऊ दिला नाय, त्याच्या जागी डबा ठिवलाय. बाहेर येऊन पोरींना सांगितलं, फसू नका, चिठ्ठी पदराखाली घ्या, आपला रांजण झाडाखाली उभा हाय."

गयासनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! मैं समझा औरतां मन्नत मांग रैं!"

पुंजाराम आधी हसला. मंग एकदम ताठ झाला. "पण हे सगळं धरलं तर आपण जिंकलो! बावीस मतांनी जिंकलो!" सरूबाईनं टाळी वाजवली. पुंजारामनं चिठ्ठ्या रुमालात बांधल्या, निवडणुकीच्या साहेबाकडं जायला सायकल वळवली, आणि उमेदवाराला दिलेलं नियमांचं पुस्तक बरोबर घ्यायला म्हणून आत गेला. आत गेला तो लवकर बाहेर येईना. आला तवा पुस्तक उघडं होतं आणि बोट एका ओळीवर.

"चिठ्ठी केंद्राच्या बाहेर आणणं गुन्हा हाय," तो म्हणला. "ह्या मोजतील का नाय ते साहेब ठरवंल. पण नंबर हायेत. नंबरावरून बायांचा माग काढतील."

"काढू दे," मनकर्णाबाई म्हणली. "मी जाते जेलात. तिथं तरी नळ असंल."

जाहेदा पुढं आली. "भाई, सबके नामां नक्को बोलो. मेरा एकच बोलो."

पुंजारामनं तिच्याकडं बघितलं. आरी बांधलेलं तिचं मनगट जुळलं होतं, पण वाकडं जुळलं होतं. तान्हं पोर तिनं डाव्या कडेवर घेतलं होतं.

"एकीनं भागत नाय, बेटा. एक्केचाळीसनं पडलो. जिंकायला बेचाळीस पाहिजेत. बेचाळीस बाया आत न् मी आमदार." तो स्टुलावर बसला. "मंग नळ आणला तरी पाणी भरायला गल्लीत कोण राहील?"

मला तवा वाटलं, मी फुटलो असतो तर बरं झालं असतं.

"गयासभाई, मशक आणा," पुंजाराम म्हणला.

"सोच ले, पुंजाराम. एक बार पानी गया तो..."

"सोचलं. आणा."

त्रेसष्ट चिठ्ठ्या पुन्हा माझ्या पोटात पडल्या, आणि वरून गयासनं मशक उलटी केली. शाई सुटली, कागद फुगले. सरूबाईनं डाव घालून घोटलं. तिचे ओठ मिटलेले होते, पण हात थांबला नाय. घटकाभरात माझ्या तळाशी नुसता लगदा उरला.

तेवढ्यात बँड ऐकू आला. आप्पासाहेबांची मिरवणूक शहागंजात शिरत होती.

आता शहागंजची एक रीत होती. कुस्ती असो, पतंगाचा पेच असो नाहीतर निवडणूक, जिंकलेल्यानं हरलेल्याच्या दारात थांबायचं आणि त्याच्या हातचं पाणी प्यायचं. मंग वैर मिटलं. न पिता पुढं गेला तर सगळा बाजार त्याला भित्रा म्हणायचा. टांगा आमच्यासमोर थांबला. आप्पासाहेब हारांत बुडालेले, नुसतं नाक वर. सगळी गर्दी बघतेय.

पुंजारामनं उरल्या पाण्याची मशक धरली, पण मनकर्णाबाईनं त्याच्याआधी माझ्यात ओगराळं बुडवलं, पार तळापर्यंत, आणि गिलास काठोकाठ भरला.

"मावशी, ते नको..." पुंजाराम पुटपुटला.

"रांजणाच्या दारात मशकातलं पाणी देतोस व्हय? लाज काढशील."

आप्पासाहेब प्याले. एका दमात, गर्दीला दाखवत. मिशा पुसल्या आणि म्हणले, "पाणी जरा घट्ट लागतंय."

"लागणारच," मनकर्णाबाई टांग्याला टेकून हळूच बोलली. हळूच म्हंजे मला आणि चार दुकानांना ऐकू गेलं एवढंच. "त्रेसष्ट बायायची मतं हायेत त्यात. पुंजारामची मतं. तुम्ही एक्केचाळीसनं आले ना?"

आप्पासाहेब टांग्यातून उतरले. माझ्या तोंडात डोकावले. मी उभ्या जन्मात इतक्या जवळून आमदार बघितला नव्हता. लगदा बघून त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी पुंजारामकडं बघितलं.

"साहेबाकडं का नाय नेलंस?"

"मला आमदार व्हायचं होतं, आप्पासाहेब. बायांना जेलात घालून नाय."

"कागद तर विरघळला," मनकर्णाबाई म्हणली. "भिऊ नका, पुरावा काई उरला नाय. पण आमची मतं तुम्ही प्यालात. आमचं पाणी कवा देता तेवढं सांगा."

बँड पुन्हा वाजायला लागला, पण आप्पासाहेब टांग्यात बसले ते हात जोडायचं विसरले.

मित्रांनो, पुढचं तुम्हाला खरं वाटणार नाय. त्या रात्रीपासून आप्पासाहेबांचं पोट बोलायला लागलं. गुडगुड नाय, चक्क शब्द. "नळ... नळ... नळ." वैद्य झाले, हकीम झाला, ओवा झाला, हिंग झाला. मुंबईला विधानसभेत ते बोलायला उभे राहिले की पोट आधी बोलायचं, आणि सभापती म्हणायचे, "सन्माननीय सदस्यांनी एका वेळी एकानंच बोलावं." आणि इकडं बंगल्यात असले की रोज सकाळी चढाच्या गल्लीतल्या चार बाया रिकामे हंडे घेऊन दारात बसायच्या. घोषणा नाय, भांडण नाय. नुसतं विचारायच्या, "पोट कसं हाय, आप्पासाहेब?"

काही लोक म्हणतात, पोट कधी बोललंच नाय, बायांच्या रोजच्या विचारण्यानंच माणूस टेकीला आला. असंल. मी रांजण आहे, मला पोटातलंच जास्त कळतं.

निवडणुकीनंतर अकराव्या महिन्यात चढावर नळ आला. आप्पासाहेबांनी तोटी फिरवली, पेपरात त्यांचंच नाव आलं. पुंजारामला बोलावणं नव्हतं, तो दुकानात ट्यूबला ठिगळ लावत बसला होता. संध्याकाळी गयास धापा टाकत आला आणि माझ्या काठावर हात ठेवून म्हणला, "दस कदम, पुंजाराम! बहू के दरवाजे से नल दस कदम! मैं गिन को आया." मंग बसला, उठला, पुन्हा म्हणला, "दस कदम." सहा-सात वेळा तरी म्हणला असंल. त्या दिवशी त्यानं मशक दुकानाच्या खुंटीला टांगली, ती तशीच राहिली.

हळूहळू खालच्या गल्ल्यांतही नळ आले. बाजारात हॉटेलं झाली. माझ्यापाशी थांबणारी माणसं कमी झाली. जो नळ यावा म्हणून मी गळ्यात हार घालून गावभर मिरवलो, त्यानंच माझं काम संपवलं. मला वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण जाहेदाचं पोर चालायला लागलं तवा ते माझ्याभोवती पळायचं आणि त्याची आई हातात काही न घेता, नुसते हात हलवत त्याच्यामागं यायची. ते बघायला मला आवडायचं.

पुंजाराम त्याच तिसऱ्या पक्षाकडून अजून दोनदा उभा राहिला आणि दोनदा पडला. पुन्हा खुर्चीवर कधी बसला नाय. पण दर वेळी चढाच्या गल्लीतली मतं सगळी त्यालाच पडली. बाया आता चुकत नव्हत्या. अर्ज मात्र तो शेवटपर्यंत लिहायचा. तो गेला तवा त्याला खांदा द्यायला इतकी माणसं होती की तिरडी हातोहात पुढं गेली, कुणाला चालावंच लागलं नाय. हे मी वाढवून सांगत नाय.

आता दुकान त्याचा नातू चालवतो. सायकली गेल्या, मोबाइलची कव्हरं आली. मी मागच्या बोळात आहे. येणारा-जाणारा माझ्यात पुड्या टाकतो, कुणी पान थुंकतो. एका उन्हाळ्यात मला मधोमध तडा गेला. पोरं कधी डोकावतात आणि "ऊ" करून ओरडतात, आवाज घुमला की हसतात. त्यांना माहीत नाय, ते एका माजी उमेदवाराशी बोलतायत.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. कुणाच्याही दारात, बोळात, अडगळीत असा जुना रांजण दिसला तर त्यात कचरा टाकू नका. त्याला आतून धुवा. माझंच बघा. तडा गेलाय खरा, पण तो अर्ध्यावर आहे. त्याच्या खाली मी अजून पक्का आहे. उन्हाळ्यात मला तेवढं अर्धं भरून रस्त्याच्या कडंला ठेवा. पंचवीस-तीस माणसं सहज पाणी पितील.

वरात आली तर मात्र आधी सांगा.